वाचकांचे प्रश्न : शंभर माणसं बोलताहेत की एकच?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रं एकाच विषयावर होती : बातमीखाली, व्हिडिओखाली, हॉटेलच्या नावाखाली अचानक उगवणाऱ्या कमेंट्स, आणि त्यातल्या खऱ्या किती. म्हणून हे सदर यावेळी पूर्ण त्यालाच दिलं आहे. पत्रलेखकांची नावं काढली आहेत, गाव-पेठ तेवढी ठेवली आहे.

कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या सुशोभीकरणाच्या कामावर एका स्थानिक बातमीच्या पानाने व्हिडिओ टाकला. तासाभरात तीनशेवर कमेंट्स आल्या. सूर एकच, 'काम झकास, विरोध करणारे विकासाचे शत्रू'. आम्ही रोज पहाटे रंकाळ्यावर फिरायला जातो. तिथं असं बोलणारा एकही भेटत नाही. या कमेंट्स पेरलेल्या आहेत का, हे घरबसल्या कळेल का?
– सेवानिवृत्त शिक्षक, फुलेवाडी

बऱ्यापैकी कळेल. तासभर वेळ आणि वही-पेन लागेल. पण त्याआधी एक गोष्ट, गुरुजी. आपल्याला न पटणारं मत म्हणजे विकतचं मत, असं धरून सुरुवात केलीत तर तपासणी तिथंच फसते. पहाटे फिरायला येणारे आणि दुपारी फोनवर व्हिडिओ बघणारे लोक वेगळे असू शकतात. म्हणून मत काय आहे ते बाजूला ठेवा आणि खात्याचं वागणं बघा.

फेसबुकची स्वतःची पद्धतही हीच आहे. १ एप्रिल २०१९ रोजी, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, त्यांनी काँग्रेसच्या एका आयटी सेलशी संबंधित व्यक्तींशी जोडलेली ६८७ पानं आणि खाती काढली. त्याच दिवशी एका भारतीय आयटी कंपनीशी संबंधित लोकांची १५ पानं-खाती गेली, त्यांचा कल भाजपकडे होता. पाकिस्तानी लष्कराच्या प्रसिद्धी विभागातल्या कर्मचाऱ्यांशी जोडलेली १०३ सुद्धा गेली. कारण तिन्हींना एकच दिलं : मजकूर काय होता म्हणून नव्हे, तर खोट्या ओळखीआडून ठरवून वागले म्हणून.

आता कृती. कमेंट्स उघडल्यावर फेसबुक आधी 'महत्त्वाच्या' कमेंट्स दाखवतं, यूट्यूब 'टॉप'. या क्रमावर लाइक्सचा परिणाम होतो आणि लाइक्स विकत मिळतात, म्हणून हा क्रम बदला. फेसबुकवर 'सर्व कमेंट्स' निवडा, यूट्यूबवर 'नवीन आधी'. मग दर दहावी कमेंट उचला. तीनशेतून तीस मिळतील. स्वतः निवडायला बसलात तर डोळ्यांत खुपणाऱ्याच उचलल्या जातात, म्हणून दहावीचा नियम पाळा. वहीत प्रत्येकीसमोर चार रकाने करा : वेळ, वाक्य, खात्याचं वय, आणि ते खातं एरवी काय करतं.

वेळेचा रकाना सगळ्यात बोलका असतो. खऱ्या प्रतिक्रिया सुरुवातीला दाट येतात आणि हळूहळू विरळ होत जातात. संध्याकाळी कामावरून सुटल्यावर पुन्हा थोडी भर पडते. पेरलेल्या कमेंट्स लाटेने येतात. सहा मिनिटांत चाळीस, मग दोन तास काही नाही, मग पुन्हा पस्तीस. व्हिडिओ बारा मिनिटांचा असताना दुसऱ्या मिनिटाला 'पूर्ण पाहिला, पटलं' अशा वीस कमेंट्स असतील तर तेही टिपून ठेवा.

वाक्याच्या रकान्यात सारखे शब्द शोधू नका, सारख्या चुका शोधा. 'विकासाचे शत्रू' कोणीही लिहील. पण पाच जणांनी 'सुशोभीकरण' एकाच पद्धतीने चुकवलं असेल, तीच तीन इमोजी त्याच क्रमाने टाकली असतील, पूर्णविरामाआधी तशीच जागा सोडली असेल, तर मजकूर एका ठिकाणाहून आलाय. तेच वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधा, कधी कधी सातारा-सोलापूरच्या पानाखाली गावाचं नाव बदलून तेच सापडतं. पूर्वी भाषांतरयंत्राची मोडकी मराठी हीसुद्धा खूण होती. पुरुषाच्या नावाने 'मी गेली', 'मी बोलली' असं काही यायचं. एआयमुळे ती खूण आता कमकुवत झाली आहे. स्वच्छ मराठी म्हणजे खरा माणूस, असं आज म्हणता येत नाही.

खात्याचं वय इन्स्टाग्रामवर 'या खात्याबद्दल' या ठिकाणी दिसतं : कधी सुरू झालं, कुठल्या देशातून चालतं, आधी नाव काय होतं. एक्सने (पूर्वीच्या ट्विटरने) नोव्हेंबर २०२५ पासून देश दाखवायला सुरुवात केली. फेसबुकच्या पानाला 'पेज ट्रान्सपरन्सी' आहे. तिथं पान कधी काढलं, नाव किती वेळा बदललं आणि चालवणारे कुठल्या देशात आहेत ते मिळतं. गेल्या वर्षीपर्यंत 'शायरी लव्हर्स' असलेलं पान आज 'आपलं कोल्हापूर न्यूज' झालेलं दिसलं तर फॉलोअर्सचा आकडा विसरून जा. तो शायरीचा आहे.

चौथ्या रकान्यात एकच प्रश्न विचारायचा : हे खातं आणखी कुठं बोलतं? सकाळी रंकाळा, दुपारी तेलुगू सिनेमा, संध्याकाळी क्रिप्टो, आणि सगळीकडे कौतुकच कौतुक, असं असेल तर ते भाड्याने फिरणारं खातं आहे.

इथं लोक हमखास तीन चुका करतात. प्रोफाइल लॉक आहे म्हणून खोटं ठरवतात, पण आपल्याकडे असंख्य बायका सुरक्षिततेसाठी प्रोफाइल लॉक ठेवतात. नावापुढे आठ आकडे आहेत म्हणून बॉट, म्हणजे यंत्राने चालणारं खातं, ठरवतात, पण नवीन खात्याला असं नाव एक्स स्वतःच सुचवतं. आणि गूगल लेन्सवर फोटो दुसरीकडे सापडला नाही म्हणून खरा मानतात, पण एआयने बनवलेला चेहरा दुसरीकडे सहसा सापडत नाही.

एक खूण म्हणजे काहीच नाही. तिसांपैकी दहा कमेंट्समध्ये प्रत्येकी तीन खुणा एकत्र आल्या, तर 'ठरवून केलेलं असण्याची दाट शक्यता' एवढं म्हणा. यामागे कोण आहे, हे बाहेरून कळत नाही. आयपी पत्ता, फोन, सिम ही माहिती कंपनीकडे असते आणि योग्य आदेश असेल तर पोलिसांना मिळते. म्हणून कुठल्या नगरसेवकाचं किंवा ठेकेदाराचं नाव घेऊन पोस्ट टाकू नका. बदनामीचं कलम, भारतीय न्याय संहितेतलं ३५६, तुमच्यावरच उलटू शकतं.

असल्या हजारभर कमेंट्स करून घ्यायला खर्च तरी किती येतो?
– सूत व्यापारी, इचलकरंजी

लोकांना वाटतो त्याहून फार कमी. नाटोशी संलग्न असलेल्या, लाटव्हियातल्या एका संशोधन केंद्राने २०१९ मध्ये स्वतः गिऱ्हाईक बनून बाजार तपासला. ३०० युरोत, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण तेवीस-चोवीस हजार रुपयांत, त्यांना ३,५३० कमेंट्स, २५,७५० लाइक्स, २०,००० व्ह्यूज आणि ५,१०० फॉलोअर्स मिळाले. चार आठवड्यांनी पाहिलं तर पाचांतले चार तसेच शाबूत होते.

यातला खरा कच्चा माल सिमकार्ड. ओटीपीशिवाय खातं उघडत नाही, म्हणून एका पेटीत शेकडो सिम बसवणारी यंत्रं वापरतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये युरोपच्या पोलिसांनी लाटव्हियातच अशी १,२०० यंत्रं आणि ४०,००० चालू सिम पकडली. त्यांवरून जवळपास पाच कोटी खाती उघडली गेली होती. आपल्याकडे एका व्यक्तीच्या नावावर जास्तीत जास्त ९ सिम घेता येतात (जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येत ६). म्हणून सिम गोळा करणारे गरीब माणसांची आधारकार्डं शोधत असतात. तुमच्या नावावर किती नंबर चालू आहेत ते सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर आज रात्रीच बघा. अनोळखी नंबर दिसला तर 'माझा नाही' असं तिथंच कळवता येतं. गिरणीत, लूमवर बाहेरून आलेले कामगार असतील तर त्यांनाही पाहून द्या. त्यांच्या कागदांचा गैरवापर सगळ्यात सोपा असतो.

आमचं मिसळीचं दुकान तीस वर्षांचं. गूगलवर ६०० रिव्ह्यू, ४.५ गुण. परवा दोन रात्रींत ४० जणांनी एकेक तारा दिला. निम्म्यांनी काही लिहिलंच नाही, उरलेल्यांत 'चिकन शिळं होतं' असंही आहे. आमच्याकडे चिकन मिळतच नाही! तिसऱ्या दिवशी फोन आला, 'पंधरा हजार द्या, सगळे काढून देतो.' काय करू?
– मिसळवाले, शाहूपुरी

पैसे देऊ नका. दिलेत तर दोन महिन्यांनी पुन्हा फोन येईल, कारण तुम्ही देणारे आहात हे त्यांना कळलेलं असेल.

आधी नुकसान मोजू. ६०० रिव्ह्यूंना ४.५ म्हणजे २,७०० गुण. त्यात ४० जणांचा एकेक, म्हणजे ६४० रिव्ह्यूंना २,७४०. सरासरी ४.२८, गूगलवर दिसेल ४.३. पुन्हा ४.५ वर यायला पाच ताऱ्यांचे २८० रिव्ह्यू लागतील. म्हणजे एक खोटा तारा भरून काढायला सात खरे. या आकड्याला घाबरूनच अनेक दुकानदार स्वतः पाच तारे विकत घ्यायला जातात. तसं करू नका. ते पकडले गेले तर त्यांच्याबरोबर तुमचे खरे रिव्ह्यूही संशयात येतात, आणि गूगल काही काळ नवीन रिव्ह्यू घेणंच थांबवू शकतं.

आज करायचं ते असं. चाळीसही रिव्ह्यूंचे स्क्रीनशॉट काढा, तारीख आणि प्रोफाइलचं नाव दिसेल असे. प्रत्येक प्रोफाइल उघडून त्याने आणखी कुठं रिव्ह्यू दिलेत ते लिहा. एकाच दिवशी कोल्हापूरची मिसळ, लुधियानाचं जिम आणि कोचीचा दवाखाना, असं दिसलं तर तो तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा. मग प्रत्येक रिव्ह्यूशेजारच्या तीन ठिपक्यांवर दाबून तक्रार करा आणि कारण नेमकं निवडा. 'चिकन शिळं' ही तक्रार तुमच्या दुकानाची असूच शकत नाही, तिथं तसंच सांगा. सरसकट चाळिसांना एकच कारण दिलं तर तक्रारी सहज फेटाळल्या जातात. गूगलच्या रिव्ह्यू व्यवस्थापनाच्या पानावर प्रत्येक तक्रारीची स्थिती दिसते. नाकारली तर अपील करता येतं, पण एकदाच. म्हणून घाईने अपील करू नका, पुरावा जुळल्यावर करा.

ज्यांनी मजकूर लिहिलाय त्यांच्यातल्या दोघा-तिघांखाली शांतपणे उत्तर द्या : 'आमच्याकडे मांसाहारी पदार्थ मिळत नाहीत. आपण दुसऱ्या ठिकाणाबद्दल लिहिलं असावं. बिलाची तारीख कळवल्यास तपासू.' हे उत्तर त्या खोट्या खात्यासाठी नाही, पुढच्या महिन्यात पुण्याहून येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी आहे.

फोनचा भाग वेगळा. पैसे मागून धमकावणं ही खंडणी, न्याय संहितेचं कलम ३०८. तो नंबर, कॉलची वेळ, पुढचे मेसेज जपून ठेवा आणि शाहूपुरी पोलीस ठाण्यात किंवा सायबर पोलिसांकडे लेखी द्या. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवता येतं. फोन बदलू नका, मेसेज पुसू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फोन हाताशी असेल तर ते सोपं जातं.

नवे रिव्ह्यू हवेत तर गल्ल्याजवळ क्यूआर कोड लावा आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगा, फक्त खूश दिसणाऱ्याला नव्हे. 'पाच तारे द्या, एक पाव फुकट' हे गूगलच्या नियमांत बसत नाही. भारतीय मानक ब्युरोनेही नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक काढलं आहे. ते ऐच्छिक असलं तरी रिव्ह्यू कसे घ्यावेत, तपासावेत आणि मांडावेत याची तत्त्वं त्यात आहेत.

कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज आला, 'घरबसल्या काम. एका लाइकला ५० रुपये, कमेंटला ८०. मजकूर आम्ही देऊ.' मैत्रिणीला खरंच १५० रुपये मिळाले. मी केलं तर बिघडतं काय?
– विद्यार्थिनी, राजारामपुरी

बरंच बिघडतं, बाई. ऐक.

या मेसेजमागे दोन वेगळे धंदे असतात. पहिल्यात कमेंट हे निव्वळ आमिष आहे. तीन लाइक्सचे १५० रुपये खरंच देतात, कारण तो त्यांचा भांडवली खर्च आहे. मग टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये घेतात. तिथं 'मला तीस हजार मिळाले' म्हणणारे शेकडो असतात, आणि तेही त्यांचेच. मग 'प्रीपेड टास्क' येतो : १,००० भरा, १,३०० घ्या. तेही मिळतात. पुढे ५,०००, पुढे ३०,०००. तिथं पैसे अडकतात आणि 'खातं गोठलंय, सोडवायला अजून भरा' सुरू होतं. मैत्रिणीला सांग, १५० वरच थांब. ते दीडशेही बहुधा दुसऱ्या कोणा फसलेल्याच्या खात्यातून आलेले असतात. त्याने तक्रार केली की पैशांची साखळी शोधत पोलीस मैत्रिणीच्या खात्यापर्यंत येऊ शकतात आणि बँक खातं गोठवलं जाऊ शकतं. कोणी पैसे भरून बसलं असेल तर लगेच, त्याच तासात, १९३० ला फोन करायचा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात. उद्यावर टाकलं की ते गेले.

दुसऱ्या धंद्यात कमेंट खरंच हवी असते, आणि त्यासाठी तुझं जुनं, खरं, कोल्हापूरचं खातं हवं असतं. पैसे घेऊन कमेंट करणं या नावाचा स्वतंत्र गुन्हा कायद्यात नाही. पण दिलेल्या मजकुरात कोणाची बदनामी असेल, दोन समाजांत तेढ लावणारं काही असेल (न्याय संहितेचं कलम १९६), तर ते तुझ्या नावाने, तुझ्या नंबरवरून गेलेलं असतं. दुसऱ्याच्या नावाने खातं चालवून फसवणूक केली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड लागतं : तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. मजकूर पाठवणाऱ्याचं नाव तुला माहीतही नसतं. आणि खातं 'भाड्याने द्या, महिन्याला दोन हजार' असं कोणी म्हणालं तर पासवर्डच नव्हे, ओटीपीसुद्धा द्यायचा नाही. त्या नंबरवर पुढं काय काय चालेल ते तुझ्या हातात राहत नाही.

नांदणीच्या हत्तिणीसाठी आम्ही सगळ्यांनी एकच मेसेज कॉपी करून शेकडो ठिकाणी टाकला. तुमच्या नियमाने आम्हीही खोटेच की!
– शिरोळ तालुक्यातील वाचक

नाही. हा प्रश्न आला याचा आनंद आहे, कारण या विषयातली सगळ्यात मोठी गल्लत इथंच होते.

एकत्र येणं, एकच घोषणा देणं, ठरलेल्या वेळी बोलणं ही चळवळ आहे. मोर्चातही सगळे एकच घोषणा देतात. २०२५ च्या जुलैमध्ये नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने जामनगरला, अंबानींच्या वनतारा केंद्रात नेल्यावर या जिल्ह्यात लोकांनी सह्या केल्या, अंबानींचं म्हणून जिओ सोडून मोबाइल कंपन्या बदलल्या, नांदणीहून कोल्हापूरपर्यंत मूक पदयात्रा काढली. प्रत्येक सहीमागे एक माणूस होता आणि तो आपलं नाव लपवत नव्हता. न्यायालयाचा निर्णय किंवा हत्तिणीचं हित याबद्दल कोणाचं मत काहीही असो, बोलणारे लोक खरे होते.

खोटेपणा तीन ठिकाणी असतो : एकाने शंभर असल्याचं भासवलं, दुसऱ्याचं नाव वापरलं, किंवा पैसे देणाऱ्याला लपवलं. अमेरिकेत २०१७ मध्ये इंटरनेट समानतेच्या (नेट न्यूट्रॅलिटी, म्हणजे कंपन्यांनी सगळ्या वेबसाइट्सना सारखं वागवावं) नियमांवर सरकारने लोकांची मतं मागवली. २ कोटी २० लाख आली. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलने २०२१ मध्ये चौकशी अहवाल दिला, त्यात सुमारे १ कोटी ८० लाख मतं खोटी निघाली. ८५ लाखांमागे या नियमांच्या विरोधातली, इंटरनेट कंपन्यांच्या पैशांची मोहीम होती. ७७ लाख तर एकट्या १९ वर्षांच्या कॉलेजच्या मुलाने पाठवली होती, त्याच नियमांच्या बाजूने. म्हणजे दोन्ही बाजूंनी. उलट २०१५ मध्ये आपल्याकडे याच विषयावर दूरसंचार प्राधिकरणाला, ट्रायला, दहा लाखांवर ईमेल गेले. मजकूर बहुतेकांचा तयारच होता, पण पाठवणारा स्वतःच्या पत्त्यावरून पाठवत होता. त्याला कोणी खोटं म्हणू नये.

एक व्यावहारिक सूचना मात्र आहे. पुढच्या वेळी तयार मजकुराआधी स्वतःचं एक वाक्य लिहा. शेकडो ठिकाणी तेच शब्द चिकटवले की प्लॅटफॉर्मची यंत्रणा ते स्पॅम समजून लपवते, आणि खऱ्या लोकांचा आवाज विकतच्या आवाजाबरोबर गाळला जातो. कोल्हापूरच्या तालीम मंडळांच्या फुटबॉल सामन्यांनंतर पेठा-पेठांतले पाठीराखे जशा कमेंट्स करतात, तशा स्वतःच्या शब्दांत लिहा. तिथं दोन वाक्यं सारखी सापडत नाहीत, म्हणून ती भांडणं खरी आहेत हे लगेच कळतं.

कमेंट वाचून शहाण्या माणसाचं मत बदलतं का हो?
– वकील, ताराबाई पार्क

थोडं बदलतं, आणि बदललं हे त्याला कळत नाही. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात लाखभर कमेंट्सपैकी काहींना, कुठलाही निकष न लावता, एक खोटं 'वर' मत (अपव्होट) दिलं. त्यानंतर पहिल्याच वाचकाने त्या कमेंटला 'वर' मत देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि शेवटचे गुण सरासरी २५ टक्के जास्त भरले. नुसत्या एका मताने.

पण मत बदलणं हा यातला छोटा भाग. चीनमधल्या सरकारी कमेंटकऱ्यांवर २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षाला सुमारे ४४ कोटी ८० लाख पोस्ट, असा अभ्यासकांचा अंदाज. आणि सापडलं असं की हे लोक टीकाकारांशी वाद घालतच नाहीत. विषय बदलतात, कौतुकाचा पूर आणतात, मूळ प्रश्न खाली ढकलतात. दक्षिण कोरियात २०१६ ते २०१८ दरम्यान तर कमेंट लिहिण्याचीही गरज पडली नाही. बातम्यांखालच्या हव्या त्या कमेंट्सना एका प्रोग्रॅमने लाइक्स देऊन वर चढवलं, बस. त्या प्रकरणात एका प्रांताच्या गव्हर्नरला दोन वर्षांची कैद झाली, २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

शहाणा माणूस हे वाचून मत बदलण्यापेक्षा गप्प बसतो. 'सगळे असंच म्हणताहेत, आपण कशाला पडा' म्हणतो. गप्प बसलेल्यांमुळे खोटं बहुमत खरं वाटायला लागतं. सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांत डोळ्यांसमोरच्या रेघेची लांबीसुद्धा लोक इतरांच्या दबावाखाली चुकीची सांगत होते. पण खोलीत एकजण जरी खरं बोलला, तरी ते प्रमाण झपाट्याने खाली यायचं.

प्रचारातल्या पेड पोस्टची तक्रार कुठं?
– मतदार, कसबा बावडा

आधी पैसे कोणी भरले ते बघा. मेटाच्या (फेसबुकच्या मालक कंपनीच्या) 'ॲड लायब्ररी'त उमेदवाराचं किंवा पानाचं नाव टाका. राजकीय जाहिरात असेल तर कोणी पैसे दिले आणि साधारण किती, हे दिसतं आणि सात वर्षं राहतं. विधानसभा-लोकसभेला उमेदवाराने आपली समाजमाध्यम खाती नमुना २६ च्या शपथपत्रात लिहायची असतात, जाहिराती आधी प्रमाणित करून घ्यायच्या असतात आणि तो खर्च हिशेबात धरला जातो. तक्रार केंद्रीय निवडणूक आयोगाच्या 'सी-व्हिजिल'वर करता येते. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे असतात, तिथली तक्रार निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्या. लोक ही गल्लत करतात आणि तक्रार चुकीच्या दारात जाते. पोस्टची लिंक जोडा, नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही.

प्लॅटफॉर्मकडेही तक्रार करा. २०२१ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीचा तक्रार अधिकारी असतो आणि २४ तासांत पोच द्यावी लागते. निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. त्यासाठी वकील लागत नाही.

पुराच्या दिवसांत आमच्या ग्रुपवर पाच-सहा जण एकाच मिनिटाला तोच मेसेज टाकतात, 'राधानगरीतून दोन लाख क्युसेक सोडलं, प्रशासन लपवतंय'. मी ॲडमिन आहे. मेसेज ठेवू की काढू? आणि खाली उत्तर द्यावं का?
– ॲडमिन, शिये

काढा, पण काढायच्या आधी आकडा ग्रुपवर फोडून दाखवा. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे. एकातून १,४२८ क्युसेक. सातही उघडले तर ९,९९६, म्हणजे दहा हजाराच्या आत. वीजगृहाचं पाणी धरलं तरी दोन लाखांच्या जवळपास जात नाही. लाखांतले आकडे अलमट्टीचे असतात, आणि ते धरण नदीच्या प्रवाहात आपल्या खाली, कर्नाटकात आहे. पुढे राजाराम बंधाऱ्याची पातळी टाका : ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. ती दिवसातून अनेकदा जाहीर होते.

मेसेजवर दोन बाणांची खूण असेल तर तो किमान पाच हातांतून फिरत आलाय. असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. म्हणून कारस्थान करणारे तो कॉपी करून नव्याने टाकतात आणि खूण जाते. एकाच मिनिटाला पाच जणांकडून, बाण नसलेला, शब्दन् शब्द तोच मेसेज म्हणजे त्या पाचांना तो दुसऱ्या एका ग्रुपवरून आलाय. त्यांना फोन करा, ग्रुपवर जाब विचारू नका. बहुतेक जण 'मला भावाने पाठवला' म्हणतील आणि ते खरं असेल. मूळ कोण ते त्यातूनच कळतं.

ॲडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो. वातावरण तापलं तर 'फक्त ॲडमिन लिहू शकतील' हा पर्याय काही तास लावा. ७ जून २०२३ ला एका स्टेटसवरून कोल्हापूर शहरात दगडफेक झाली आणि इंटरनेट बंद करावं लागलं, ते सगळ्यांना आठवतंय. पहिल्या तासात हात हलवला तर उपयोग होतो. सदस्याने टाकलेल्या प्रत्येक मेसेजसाठी ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे. समान हेतू सिद्ध व्हावा लागतो. तरी मेसेज काढल्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

आता उत्तराबद्दल. व्हॉट्सॲपवर त्या मेसेजला 'रिप्लाय' करू नका, खोटं वाक्य पुन्हा वर येतं. फेसबुक आणि यूट्यूबवर तर रागाचं उत्तरही प्रतिसाद म्हणून मोजलं जातं आणि कमेंट आणखी वर जाते. वेगळा, नवा मेसेज लिहा, पहिल्या ओळीत खरा आकडा, दुसऱ्या ओळीत तो कोणी जाहीर केला, शेवटी तारीख आणि वेळ, आणि तो ग्रुपच्या वर पिन करा. पातळी बदलली की जुना काढून नवा पिन करायचा. कालचा खरा आकडा आज पुढे गेला की तोही अफवाच होतो.